'उद्यापासून येऊ नकोस' म्हटल्यावर राजीनामा देऊन मोकळं व्हावं का?

प्रश्न थोडक्यात असा: कुपवाड एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) मी नऊ वर्षं फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायच्या कामाला आहे. ठेकेदार तीनदा बदलले, कामाची जागा तीच. शिफ्ट बारा तासांची आणि जादा तासांचे पैसे सिंगल रेटने. पीएफ कापतात, पण पासबुकात मधले काही महिने दिसत नाहीत. त्याबद्दल विचारलं तर सुपरवायझरने सगळ्यांदेखत आई-बहिणीवरून शिव्या दिल्या आणि "उद्यापासून येऊ नकोस" म्हणाला. पाच दिवस झाले, वॉचमन आत सोडत नाही. आता ऑफिसातून निरोप आलाय की राजीनामा लिहून दे, आठवड्यात हिशेब करून टाकतो. मला आता त्या गेटचं तोंडही बघायचं नाही. राजीनामा देऊन मोकळा होऊ का?

राजीनामा देऊ नका. निदान पुढे सांगतो ते कागद हातात येईपर्यंत तरी नको, मग ऑफिसने हिशेबाचा चेक पुढ्यात ठेवला तरी.

जिथे नऊ वर्षं घाम गाळला तिथे चारचौघांत अशा शिव्या खाल्ल्यावर पाऊल परत तिकडे वळत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. सांगली, मिरज, कुपवाडच्या कामगारांची प्रकरणं कामगार कार्यालयात आणि कोर्टात चालवायचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. जी प्रकरणं हातची गेली, त्यांतली बहुतेक कोर्टात जाण्याआधीच गेलेली होती. काढल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस माणूस संतापाने, अपमानाने घरात बसून राहिला, आणि तिथेच सगळं बिघडलं. तुमचा आज पाचवा दिवस आहे. अजून काहीही बिघडलेलं नाही.

तुम्ही तक्रार केलीत की कंपनी काय उत्तर देईल ते मी आजच सांगतो: "आम्ही यांना काढलेलं नाही. ते अमुक तारखेपासून न कळवता गैरहजर आहेत. काम त्यांनी स्वतःहून सोडलं." कारखाना मोठा असो की एका शेडमधलं वर्कशॉप, उत्तर हेच येतं. याचं कारण कायद्यात आहे. वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला काम कमी झालं म्हणून काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. गैरवर्तन केलं म्हणून काढायचं तर आरोपपत्र द्यावं लागतं, चौकशी करावी लागते, तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. सुपरवायझरने शॉपमध्ये उभं राहून ओरडणं या दोन्हींत कुठेच बसत नाही. असं तोंडी काढणं कोर्टात टिकत नाही, हे त्यांच्या सल्लागाराला पक्कं ठाऊक असतं. म्हणून ते काढल्याचंच नाकारतात. अशा वेळी "मी काम करायला तयार होतो, मला अडवलं" हे दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. आणि तुमच्या सहीचा राजीनामा एकदा त्यांच्या फाइलला लागला, की दाखवण्यासारखं फारसं काही उरतच नाही.

आता करायचं काय ते. उद्यापासून रोज तुमच्या शिफ्टच्या वेळेला गेटवर जा. जेवणाचा डबा घेऊन, कामाचे कपडे घालून, नेहमी जाता तसेच. वॉचमनशी वाद घालू नका, त्याच्या हातात काही नसतं. आत सोडलं नाही तर अर्धा तास थांबा, शक्य असेल तर गेट दिसेल असा फोटो काढा आणि परत या. सुपरवायझर बाहेर आला आणि पुन्हा शिवी दिली तरी हात उचलू नका. गेटवर झालेली एक धक्काबुक्की कंपनीला तुमच्याविरुद्ध खरं आरोपपत्र मिळवून देते. मग नऊ वर्षांच्या ओटीवरचं (जादा तासांच्या पैशांवरचं) आणि पीएफवरचं बोलणं बाजूला पडतं आणि सगळी चौकशी त्या एका धक्क्याभोवती फिरत राहते.

त्याच दिवशी संध्याकाळी एक पत्र लिहा. वकिलाकडून इंग्रजीत लिहून घ्यायची गरज नाही. स्वतःच्या हाताने, मराठीत, साधारण असं:

"मी आपल्या कारखान्यात फेटलिंग विभागात गेली नऊ वर्षे सलग काम करत आहे. दिनांक अमुक रोजी दुसऱ्या शिफ्टमध्ये सुपरवायझर श्री. अमुक यांनी मला तोंडी 'उद्यापासून येऊ नकोस' असे सांगितले. तेव्हापासून मला गेटवर अडवले जात आहे. आज दिनांक अमुक रोजी मी शिफ्टच्या वेळेला हजर होतो, तरी आत घेतले नाही. मी राजीनामा दिलेला नाही व काम सोडलेले नाही. मी आजही कामावर येण्यास तयार आहे. मला ताबडतोब कामावर घ्यावे व अडवलेल्या दिवसांचा पगार द्यावा. माझ्या सहीचा राजीनामा किंवा कोरा कागद आपल्याकडे असल्यास तो मी स्वेच्छेने दिलेला नाही."

जे खरं आहे तेवढंच लिहा. गेटवर गेला नसाल त्या दिवशी गेलो होतो असं लिहू नका, तिथे कॅमेरा असतो. हे पत्र कारखान्याच्या मालकाला आणि ठेकेदाराला, दोघांनाही पाठवा, आणि एक प्रत सांगलीच्या सहायक कामगार आयुक्तांना द्या. आपल्याकडे लोक अजून 'रजिस्टर एडी' म्हणतात, पण १ सप्टेंबर २०२५ पासून पोस्टाने ती सेवा स्पीड पोस्टात विलीन केली आहे. तेव्हा स्पीड पोस्टच करा आणि पोचपावतीची सोय मागून घ्या. पावती, पत्राची झेरॉक्स आणि पोच या तिन्ही गोष्टी एकत्र टाचून ठेवा. कामगार कार्यालयात प्रत देताना आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

शेवटच्या ओळीत कोऱ्या कागदाचा उल्लेख मी मुद्दाम घातला आहे. आपल्या भागात कामावर घेतानाच दोन-तीन कोऱ्या कागदांवर सह्या घ्यायची खोड अनेक ठेकेदारांना आहे. त्या वेळी नोकरीची गरज असते, कोण नाही म्हणणार? पुढे त्याच कागदावर राजीनामा टाइप होतो. तो बाहेर निघण्याआधी तुमचं पत्र गेलेलं असेल तर त्या राजीनाम्याचा जोर बराच कमी होतो. राजीनामा निघाल्यानंतर तुम्ही कोऱ्या कागदाची गोष्ट सांगितलीत, तर कोर्टाला ती मागून सुचलेली वाटते.

तुमच्या पत्रानंतर दोनपैकी एक गोष्ट होईल. एक तर काहीच उत्तर येणार नाही, ते तुमच्या फायद्याचं. किंवा कंपनी उलट पत्र पाठवेल: "आपण गैरहजर आहात, तीन दिवसांत कामावर हजर व्हा, अन्यथा आपण काम सोडले असे समजले जाईल." हे पत्र आलं की घाबरू नका आणि चिडूही नका. ते घ्या.

मिरजेतल्या एका मशीन शॉपमध्ये लेथवर असलेल्या कामगाराचं प्रकरण मी जवळून पाहिलं आहे. त्यालाही असंच तोंडी काढलं होतं. तो जत तालुक्यातला. गेट बंद झालं म्हणून गावी निघून गेला. कंपनीने गावच्या पत्त्यावर लागोपाठ तीन पत्रं पाठवली. कंपनीचं पाकीट म्हणजे कोर्टकचेरीचं काहीतरी लचांड, म्हणून घरच्यांनी ती घेतलीच नाहीत. पाकिटांवर 'घेण्यास नकार' असा शेरा बसून ती परत गेली, आणि कंपनीने ती न फोडता जपून ठेवली. पुढे उलटतपासणीत त्यांच्या वकिलाने ती तिन्ही बंद पाकिटं टेबलावर मांडली आणि एकच विचारलं, "हा पत्ता तुमचाच ना?" तो "हो" म्हणाला. बरोबर पत्त्यावर गेलेलं आणि घ्यायला नाकारलेलं पत्र मिळालं असंच कायदा धरतो. त्याला गेटवर अडवलं होतं हे शंभर टक्के खरं होतं, पण कागदावर चित्र उलटं उभं राहिलं: कंपनी बोलावते आहे आणि हा येत नाही. शेवटी त्याला हक्काच्या कितीतरी कमी रकमेवर तडजोड करावी लागली.

म्हणून घरी सगळ्यांना सांगून ठेवा, पोस्टमन येईल ते पत्र घ्यायचं. 'हजर व्हा' असं पत्र आलं तर दुसऱ्याच दिवशी ते हातात घेऊन, बरोबर एखादा माणूस घेऊन गेटवर जा. आत घेतलं तर हजेरी लावा आणि मुकाट्याने कामाला लागा. नाही घेतलं तर त्याच दिवशी, त्यांच्या पत्राची तारीख लिहून, 'आलो होतो, घेतले नाही' असं दुसरं पत्र टाका. कधी कधी परत घेतात आणि फेटलिंगच्या माणसाला झाडू मारायला किंवा स्क्रॅप उचलायला लावतात, म्हणजे तो स्वतःच कंटाळून जाईल. ते काम करा, आणि लेखी हरकत नोंदवा. उठून निघून जाऊ नका. हे सांगायला सोपं आणि सोसायला फार कठीण आहे. माणसाची मान खाली घालायला लावणारी अशी वागणूक पाहून माझं अजूनही रक्त खवळतं. पण हक्काचे पैसे ज्यांना मिळाले, त्यांनी तेवढे काही आठवडे सोसलेले होते.

पुरावा आत्ताच गोळा करा, महिन्याभराने मिळणार नाही. शिफ्टचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेलच. कंपनीच्या सुपरवायझरने त्यावर टाकलेले "सेकंड शिफ्टला पाच जण पाहिजेत", "रविवारी सुट्टी नाही" असे मेसेज तुमच्यासाठी फार मोलाचे आहेत. ग्रुपमधून काढायच्या आत चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल करा. आणि तो फोन विकू नका, फॉर्मॅट करू नका. कोर्टात मूळ फोन लागू शकतो. गेटपास, ओळखपत्र, पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, सुरक्षा बूट दिल्याची पावती, दिवाळीत काढलेला शॉपमधला फोटो, सगळं जमवा. ओटीचे तास घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले असतील तर ते कॅलेंडर फेकू नका.

हे एवढं जमवायचं ते ठेकेदारीमुळे. कारखाना म्हणेल हा आमचा कामगारच नाही. ठेकेदार म्हणेल माझं कंत्राट संपलं. २००१ साली सुप्रीम कोर्टाने स्टील अथॉरिटीच्या निकालात सांगितलं की ठेका कामगार आपोआप कंपनीचा कायम कामगार होत नाही. मात्र ठेका नुसता कागदोपत्री देखावा असेल तर कामगाराला मूळ कंपनीचाच मानता येतं. तो देखावा आहे हे कशावरून ठरतं? काम कोण सांगत होतं, रजा कोण देत होतं, मशीन कुणाचं, हजेरी कुणाच्या पंचिंगवर, ठेकेदार बदलला तरी माणसं तीच राहिली का. तुमच्या बाबतीत तीन ठेकेदार आले-गेले आणि तुम्ही त्याच ग्राइंडरवर राहिलात, ही तुमची सगळ्यात भक्कम बाजू आहे. शिवाय कास्टिंगचं फेटलिंग हा फौंड्रीच्या मुख्य कामाचाच भाग आहे. नव्या संहितेत मुख्य कामात ठेका कामगार लावायला मनाई आहे, पण तिला अपवादही ठेवले आहेत आणि मालक त्या अपवादांवरच बोट ठेवतात. हा मुद्दा घ्या, पण सगळी मदार त्यावर ठेवू नका.

नवी संहिता म्हणतो ते कशाला, तेही सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या २९ केंद्रीय कामगार कायद्यांच्या जागी चार श्रम संहिता आल्या आहेत. तुमच्यासारख्याला त्यातला एक बदल जपून लक्षात ठेवायला हवा: कामावरून काढल्याचा वाद उपस्थित करायची मुदत पूर्वी तीन वर्षं होती, ती आता दोन वर्षं झाली आहे. सर्टिफाइड स्टँडिंग ऑर्डरची, म्हणजे नोकरीच्या मंजूर लेखी नियमांची सक्तीही आता ३०० किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यांना आहे. महाराष्ट्रात ती ५० पासून लागू होती. कुपवाड-मिरजेतले बहुतेक कारखाने ३०० च्या आतले. तरीही चौकशीशिवाय गैरवर्तनाचा ठपका ठेवून काढायची मुभा कुणाला मिळालेली नाही.

राज्याचा अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा १९७१ चा कायदा तुम्हाला कुणीतरी सुचवेल. त्याची मुदत ९० दिवसांची, आणि त्यात अंतरिम आदेश (निकालाआधीचा तात्पुरता हुकूम) मिळू शकतो म्हणून तो आकर्षक वाटतो. ठेकेदाराच्या नावावर असलेल्या कामगाराने त्यात घाईने उडी घेऊ नये. सिप्ला कंपनीच्या प्रकरणात २००१ मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मालक-कामगार हे नातंच वादात असेल तर ते आधी औद्योगिक विवाद म्हणून ठरवून घ्यावं लागतं, या कायद्याखालच्या तक्रारीत ते ठरवता येत नाही. हे न पाहता तक्रार केलेल्यांची वर्षं वाया गेली आहेत. तुमचा रस्ता कामगार कार्यालयातून, समेट अधिकाऱ्याकडून जातो. युनियनची सही लागत नाही, काढून टाकल्याचा वाद एकटा कामगारही नेऊ शकतो. अर्ज दिल्यापासून ४५ दिवसांत समेट झाला नाही तर थेट न्यायाधिकरणाकडे जाता येतं.

तिथे काय होतं तेही माहीत असू द्या, नाहीतर निराश व्हाल. समेट अधिकारी निकाल देत नाहीत. ते दोन्ही बाजूंना बोलावतात, समजावतात, मधला मार्ग सुचवतात. कंपनीतर्फे बहुधा एचआरचा माणूस किंवा कन्सल्टंट येतो, कधी येतच नाही आणि तारीख पडते. कामगाराला वाटतं साहेबही त्यांनाच मिळालेले. प्रत्येक वेळी तसं नसतं, त्यांच्या अधिकाराची हद्दच तेवढी आहे. पण तिथे कंपनीने लेखी दिलेलं प्रत्येक वाक्य पुढे उपयोगी पडतं. "आम्ही काढलेले नाही" असं त्यांनी लिहून दिलं, की लगेच तिथेच सांगा: "मग उद्या सकाळी येतो, साहेबांसमोर लिहून द्या." कित्येक प्रकरणं या एका वाक्यावर मिटलेली मी पाहिली आहेत.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच हे कार्यालय असतं, आणि तरीही आपल्या औद्योगिक वसाहतीत ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे.

आता पैशांचं. लोक नोकरी गेल्याचं दुःख करतात आणि ओटी विसरून जातात, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. समजा तुमचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये. २६ दिवसांनी भागलं तर दिवसाला ६००, तासाला ७५. बारा तासांच्या शिफ्टमधून जेवणाचा अर्धा तास वजा केला तर रोज साडेतीन तास जादा. कायद्याने जादा तासाला दुप्पट, म्हणजे १५० रुपये द्यायचे. तुम्हाला मिळाले ७५. रोजचे २६२ रुपये ५० पैसे बुडाले, महिन्याचे ६,८२५ आणि वर्षाचे ८१,९००. हा मालकाने केलेला उपकार नाही की चूक नाही, तुमच्या खिशातून नियमित काढलेली रक्कम आहे. शिवाय तीन महिन्यांत किती तास ओटी घेता येईल याला मर्यादा असते. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ती ११५ वरून १४४ तासांवर न्यायचं ठरवलं, तेही कामगाराच्या लेखी संमतीने. वरच्या हिशेबाने तुमचे तीन महिन्यांचे २७३ तास होतात.

त्या चार संहितांपैकी वेतन संहितेत या बाबतीत दोन चांगल्या गोष्टी आहेत. थकलेल्या वेतनाचा दावा आता तीन वर्षांपर्यंत करता येतो. पूर्वी किमान वेतनाच्या दाव्याला सहाच महिने मिळायचे. आणि पैसे पूर्ण दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. म्हणजे हजेरीचं रजिस्टर त्यांनीच आणून दाखवायचं. ते बहुधा आठ तासांचंच रजिस्टर आणतात, आणि तिथे तुमचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि कॅलेंडर कामाला येतात. ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते, हेही विसरू नका.

पीएफचं पासबुक ईपीएफओच्या साइटवर उघडा आणि पगाराच्या स्लिपेतली कपात महिनावार त्याच्याशी लावून पाहा. ठेकेदार बदलला की मेंबर आयडी बदलतो, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) मात्र एकच राहायला हवा. कधी कधी नव्या ठेकेदाराने दुसराच यूएएन काढलेला असतो आणि हरवलेले महिने तिथे सापडतात. आरोप करण्याआधी एवढं तपासा. तिथेही नसतील तर तुमच्या पगारातून कापलेले पैसे भरलेच गेले नाहीत. हा फौजदारी विश्वासघाताचा गुन्हा होतो. सांगली जिल्ह्याचं काम कोल्हापूरच्या पीएफ कार्यालयाकडे आहे. तक्रार ऑनलाइन करता येते, आणि दर महिन्याच्या २७ तारखेला 'निधी आपके निकट' नावाचं शिबिर जिल्ह्यात भरतं, तिथे कागद घेऊन समोरासमोर बोलता येतं. तक्रारीत ठेकेदाराबरोबर कारखान्याचं नावही घाला, कारण ठेकेदाराने न भरलेल्या रकमेची जबाबदारी त्यांच्यावरही आहे.

ग्रॅच्युइटीबद्दल ऑफिस बोलणार नाही, म्हणून मी बोलतो. पाच वर्षं झालेल्याला प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. १५,६०० वर नऊ वर्षांचे ८१,००० रुपये होतात. दर ठेकेदाराकडे तीन-तीन वर्षंच झाली असं सांगून ते हात वर करतील. तुमची नऊ वर्षं सलग होती, याचा पुरावा इथेही लागणार. पगाराच्या स्लिपेत बेसिक मुद्दाम बारीक ठेवून बाकी सगळं भत्त्यांत दाखवलं असेल, तर तेही पाहा. संहितेतल्या वेतनाच्या नव्या व्याख्येप्रमाणे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा असतो.

ऑफिस 'आठवड्यात हिशेब' म्हणतं आहे. मुळात नोकरी संपली तर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, त्यासाठी राजीनामा मागायची गरज नाही. चेक घ्यायची वेळ आलीच तर आधी कागद वाचा. "सर्व रक्कम मिळाली, यापुढे काही मागणे नाही" अशी ओळ असेल तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: "इतर सर्व मागण्यांचा हक्क राखून, फक्त अमुक रक्कम स्वीकारली." लिहू देत नसतील तर सही न करता परत या. कागदाचा फोटो काढू देत नसतील तरीही परत या.

शिव्यांचं काय, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या प्रश्नात तेच सगळ्यात जास्त दुखतंय. कोण हजर होतं, कोणते शब्द, किती वाजता, हे आजच लिहून ठेवा. जातीवरून काही बोलला असेल तर तो अ‍ॅट्रॉसिटीचा विषय आहे, थेट पोलिसांत जा. शॉपमधल्या कुणा बाईला असं काही सोसावं लागत असेल तर दहा किंवा जास्त माणसांच्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं सक्तीचं आहे, आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत करावी लागते. बाकी शिवीगाळीवर स्वतंत्र केस करून फारसं हाती लागत नाही, हे मी स्पष्टच सांगतो. मात्र पीएफ विचारल्यावर शिव्या आणि त्याच मिनिटाला गेट बंद, हा क्रम तुमच्या अर्जात पहिल्या परिच्छेदात यायला हवा. मालकाचा खरा हेतू त्यातून दिसतो.

एकटे जाण्यापेक्षा चार जण बरोबर असले तर बळ येतं. तुमच्या शॉपमध्ये ओटी आणि पीएफ एकट्या तुमचाच बुडालेला नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारा हमाल बघा. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे त्याची मजुरी आणि त्यावरची लेव्ही (व्यापाऱ्याने वर भरायची रक्कम) माथाडी मंडळाकडे जमा होते, त्याला कुणा एका व्यापाऱ्याच्या मर्जीवर राहावं लागत नाही. तो कायदा लोकांनी संघटित होऊन मिळवला, आणि त्यासाठी झटलेले अण्णासाहेब पाटील आपल्याच शेजारच्या पाटण तालुक्यातले. कामावर असलेल्यांना तुमच्या बाजूने उघड उभं राहायला भीती वाटेल, त्यांच्यावर रागावू नका. त्यांच्याकडून एवढंच मागा: त्यांनीही आपापलं पासबुक काढून बघावं. तेच महिने त्यांचेही गायब निघाले, तर पीएफ कार्यालयात एकत्र अर्ज जाईल.

एक काळजीपोटी सांगतो. नऊ वर्षं फेटलिंगची धूळ छातीत गेली आहे. चढताना धाप लागत असेल, खोकला जुना असेल, तर ईएसआयच्या (कामगार विमा योजनेच्या) डॉक्टरला कोणतं काम करता ते सांगून छातीचा एक्स-रे काढून घ्या. सिलिकोसिस, म्हणजे अशा धुळीने होणारा फुफ्फुसाचा रोग, हा कायद्याने मान्य केलेला व्यावसायिक आजार आहे. नोकरी तुटल्याच्या गडबडीत हे राहून जातं आणि पुढे कामाशी त्याचा संबंध लावणं अवघड होतं.

राहिला घर चालवायचा प्रश्न. केस चालू असताना दुसरीकडे काम करता येतं का, असं प्रत्येक जण विचारतो. करता येतं, जरूर करा, पोरांना उपाशी ठेवून कुणी लढू शकत नाही. फक्त ते लपवू नका. परत घेण्याचा हुकूम झाला तर मधल्या काळाच्या पगाराचा विषय निघतो, आणि सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे आपण बेकार होतो किंवा कमी पगारावर काम करत होतो, हे कामगाराने आधी सांगावं लागतं. मग तो पगारावर कामाला होता हे दाखवायची पाळी मालकावर येते. कुठे, किती दिवस, किती रुपयांवर काम केलं याची वही ठेवा. नव्या ठिकाणी लागताना "आधीचं काम सोडलं" असं फॉर्मवर लिहू नका. "काढून टाकलं, वाद चालू आहे" असं लिहा. 'सोडलं' असं लिहिलेला फॉर्म मागवून घेऊन कंपनीचा वकील तो तुमच्याच विरोधात दाखल करतो.